कोपऱ्यातले दोन चौकोनच का उरतात?

प्रश्न थोडक्यात असा: कँडी क्रश सागाची जेलीची एक लेव्हल पंधरा दिवस सुटत नाही. नऊ बाय नऊचा पट, पाच रंग, २५ मूव्ह. खालच्या तीन ओळींत जेली (तिच्यावरची कँडी जुळवून फोडली की ती जाते, दुहेरी असेल तर दोनदा फोडावी लागते), त्यात खालच्या दोन्ही कोपऱ्यांत दुहेरी. चौथ्या ओळीत मधोमध तीन चॉकलेटं, म्हणजे जागा अडवणारे आणि पसरत जाणारे चौकोन. दर वेळी शेवटी एक-दोन चौकोन उरतात आणि ते बहुतेक कोपऱ्यातलेच असतात. पैसे न घालता हे कसं सोडवायचं?

पैसे न घालता सुटेल. दर वेळी एक-दोनच चौकोन उरतात म्हणजे तुम्ही खेळता वाईट असंही नाही. तुम्ही सोपं काम आधी उरकता आणि अवघड काम शेवटच्या पाच मूव्हवर ढकलता, एवढंच. मी हा खेळ दहा वर्षांहून जास्त काळ खेळतोय आणि पहिली दोन वर्षं मीही नेमकं हेच करत होतो.

आधी हिशेब मांडू. खालच्या तीन ओळी म्हणजे २७ चौकोन. त्यातले २५ एकदा फुटायला हवेत, दोन कोपरे दोनदा. एकूण २९ वेळा जेलीवर घाव बसला पाहिजे. साध्या तीनच्या जुळणीत तीन चौकोन फुटतात, म्हणजे सगळ्या जुळण्या जेलीवरच झाल्या तर दहा मूव्हमध्ये काम संपतं. तुमच्याकडे २५ आहेत. मूव्ह कमी पडत नाहीत, त्या चुकीच्या जागी पडतात.

आता कोपऱ्याचं दुखणं. पटाच्या मधला कुठलाही चौकोन घ्या. तीनची आडवी जुळणी त्याच्यावरून तीन प्रकारे जाऊ शकते: तो डावीकडचा, मधला किंवा उजवीकडचा. उभीही तीन प्रकारे. एकूण सहा वाटा. कडेच्या ओळीत मधोमध असलेल्या चौकोनाला चार वाटा उरतात. कोपऱ्याला किती? दोन. एक आडवी, एक उभी. शेजारी चॉकलेट येऊन बसलं तर एकच. म्हणजे सहज खेळता खेळता मधले चौकोन आपोआप साफ होतात आणि कोपरे आपोआप मागे राहतात. यात नशिबाचा भाग आहेच, पण मुळात ही पटाची रचना आहे.

त्यातही खालचा कोपरा वरच्या कोपऱ्याहून चिवट. वरच्या कोपऱ्यात त्या रकान्यातली प्रत्येक जुळणी नवीन कँडी आणून टाकते. खालच्या कोपऱ्यातली कँडी मात्र स्वतः फुटेपर्यंत हलतच नाही. तिथे निळी बसलीय तर ती निळीच राहणार. तुम्हाला तिच्याकडे आणखी दोन निळ्या न्याव्या लागणार. म्हणून लेव्हल उघडली की मी पहिली नजर खालच्या दोन कोपऱ्यांवर टाकतो. डावीकडे कुठला रंग, उजवीकडे कुठला, आणि त्या रंगाच्या कँड्या जवळपास कुठे आहेत. दहा-पंधरा सेकंद जातात. मूव्हवाल्या लेव्हलला घड्याळ नसतं, तरी माणसं पाठीमागे कुणी लागल्यासारखी खेळतात.

पण कोपऱ्यापर्यंत जायची एक याहून चांगली वाट आहे आणि तुमच्या लेव्हलसाठी माझा मुख्य सल्ला तोच: कोपऱ्यात जाऊच नका, खालची अख्खी ओळ उडवा.

चार कँड्या एका रेषेत जुळल्या की पट्टेवाली तयार होते, हे तुम्हाला माहीत असेल. पट्टे कुठल्या दिशेने येतात याकडे मात्र फार थोडे लोक लक्ष देतात. कँडी तुम्ही ज्या दिशेला सरकवली, त्या दिशेचे पट्टे. उभ्या रेषेत चार जुळवायच्या तर मधली कँडी बाजूने, म्हणजे आडवी सरकवावी लागते. मग पट्टे आडवे येतात आणि ती फुटली की आडवी ओळ साफ होते. आडव्या रेषेत चार जुळवल्या तर नेमकं उलटं, उभा रकाना साफ करणारी मिळते. सवय नसते तेव्हा हे उलटसुलट वाटतं. बोट कुठे गेलं तेवढं आठवायचं.

आता पटाच्या तळाशी कुठलाही एक रकाना घ्या. समजा पाचवा. खालून पहिली, दुसरी आणि चौथी कँडी लाल आहे, तिसरी हिरवी. सहाव्या रकान्यात तिसऱ्याच उंचीवर एक लाल आहे. ती डावीकडे सरकवली की पाचव्या रकान्यात तळापासून चार लाल जुळतात. पट्टेवाली तिसऱ्या उंचीवर तयार होते, बाकीच्या तीन फुटतात, त्यातल्या दोन तिच्या खालच्या, म्हणून ती थेट तळाच्या ओळीत येऊन बसते. आडवे पट्टे घेऊन, तळाच्या ओळीत. आता तिला त्याच रंगाच्या दोनशी जुळवून फोडलं की नऊच्या नऊ चौकोन साफ, दोन्ही कोपऱ्यांसकट. असं दोनदा जमलं की कोपऱ्यांची दुहेरी जेली गेली. कोपऱ्यात एकही जुळणी न करता.

यात एक अडचण येऊ शकते. कोपऱ्यावर चॉकलेट चढलं असेल तर पट्ट्याचा घाव चॉकलेटवर खर्च होतो, खालची जेली तशीच राहते. आणि ओळीत काळी लिकरिशची चक्री असेल तर पट्टा तिथेच अडतो, पुढे जात नाही. तुमच्या वर्णनात चक्र्या नाहीत, तेव्हा त्यांची चिंता सोडा.

याच्या वरची पायरी म्हणजे पट्टेवाली आणि रॅपरवाली एकमेकींत बदलणं. रॅपरवाली मिळते एल किंवा टी आकारात पाच जुळवल्यावर. दोघींची अदलाबदल केली की तीन ओळी आणि तीन रकाने एकदम उडतात. मध्यबिंदू असतो तुम्ही सरकवलेली कँडी जिथे जाऊन थांबते तो चौकोन. म्हणून हा बार कुठल्या उंचीवर उडवायचा ते आधी ठरवा. तुमच्या पटावर तो तळापासून दुसऱ्या ओळीत उडाला तर पहिली, दुसरी, तिसरी अशा जेलीच्या तिन्ही ओळी एका मूव्हमध्ये साफ. हाच बार सहाव्या ओळीत उडवला तर स्क्रीनवर आतषबाजी तेवढीच होते, जेलीवर मात्र घाव फक्त तीन रकान्यांपुरताच बसतो. जोडी वर जुळली असेल आणि मूव्ह शिल्लक असतील तर तिला खाली उतरवण्यात दोन-तीन मूव्ह घालवणं परवडतं.

उतरवायचं कसं, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण सराईत आणि नवख्या खेळाडूतला खरा फरक मला इथेच दिसतो. समजा कलर बॉम्ब (एका रेषेत पाच जुळवल्यावर मिळतो; ज्या कँडीशी बदलाल त्या रंगाच्या सगळ्या कँड्या फोडतो) चौथ्या रकान्यात पाचव्या उंचीवर आहे आणि पट्टेवाली पाचव्या रकान्यात सहाव्या उंचीवर. तिरक्या शेजारी, हात लावता येत नाही. पट्टेवाली एक घर खाली यायला हवी, बॉम्ब न हलता. काय करायचं? तिच्या खाली पाचव्या, सहाव्या आणि सातव्या रकान्यात आडवी जुळणी शोधायची. तिन्ही रकाने एकेक घर खाली येतात, पट्टेवाली बॉम्बच्या शेजारी. जुळणी चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या रकान्यात, दोघांच्याही खाली झाली तर दोघं मिळून उतरतात आणि तिरकेच राहतात. पाचव्या रकान्यात उभी जुळणी केली तर पट्टेवाली तीन घरं कोसळते आणि बॉम्बच्या खाली निघून जाते. आडवी जुळणी तीन रकाने एकेक घर हलवते, उभी जुळणी एकच रकाना तीन घरं हलवते. हे बोटांत मुरलं की पट नेमका हवा तसा सरकवता येतो. मी एकेकाळी यासाठीच जुन्या, सोप्या लेव्हल पुन्हा खेळायचो. जिंकण्यासाठी नाही, दोन ठरलेल्या कँड्या शेजारी आणून बसवण्यासाठी.

सगळीकडे ऐकू येणारा सल्ला म्हणजे ‘नेहमी तळाशी खेळा’. अर्धा खरा आहे. तळाशी जुळवलं की वरचं सगळं सरकतं, वरून नवीन कँड्या येतात, आपसूक जुळण्या होतात आणि फुकटची कमाई होते. शिवाय तुमची जेली तळाशीच आहे. पण वर एखादी जोडी जवळ आली असेल तेव्हा तिच्या खालच्या रकान्यांत हात घालणं म्हणजे मांडलेला डाव स्वतःच उधळणं. अशा वेळी जोडीच्या वर किंवा लांबच्या रकान्यांत खेळायचं. वरची जुळणी खालच्या कँड्यांना धक्का लावत नाही.

चॉकलेटबद्दल. नियम साधा आहे: ज्या मूव्हमध्ये एकही चॉकलेट फुटत नाही, त्या मूव्हनंतर एक नवीन वाढतं. चौथ्या ओळीतली तीन तुम्ही सहा मूव्ह दुर्लक्षिली तर ती नऊ होतात, आणि त्यातली काही जेलीवर उतरतात. जेलीवरच्या प्रत्येक चॉकलेटचे मग दोन हिशेब: आधी ते फोडा, मग त्या जागेवर पुन्हा जुळवा. म्हणून पहिल्या चार-पाच मूव्ह सरळ चॉकलेटवर घाला. शेजारी जुळणी झाली की ते फुटतं. तिन्ही संपली आणि पटावर नवीन चॉकलेट सोडत राहणारं यंत्र नसेल तर ते परत येत नाही. पुढच्या वीस मूव्ह शांतपणे खेळता येतात. याला एकच अपवाद मी करतो. पहिल्याच मूव्हला कलर बॉम्ब समोर दिसत असेल तर तो घेतो आणि एक चॉकलेट वाढू देतो.

रंग किती आहेत हेही मोजत जा. यादृच्छिक पडणाऱ्या तीन ठरावीक कँड्या एकाच रंगाच्या निघण्याची शक्यता सहा रंगांच्या पटावर ३६ मध्ये १, पाच रंगांवर २५ मध्ये १, चार रंगांवर १६ मध्ये १. चार रंगांच्या लेव्हलला विशेष कँड्या स्वतःहून पदरात पडतात, सहा रंगांवर प्रत्येक रचावी लागते. तुमचे पाच रंग म्हणजे पाच जुळवून कलर बॉम्ब करणं जमण्यातलं आहे, पण त्याची वाट बघत बसण्याइतकं सोपं नाही.

बॉम्ब मिळालाच तर लोक तो पटावर सर्वांत जास्त दिसणाऱ्या रंगाशी जोडतात. मी जेलीवर सर्वांत जास्त असलेल्या रंगाशी जोडतो. पटभर पसरलेल्या वीस पिवळ्यांपैकी तीनच जेलीवर असतील आणि बारा जांभळ्यांपैकी आठ जेलीवर असतील, तर जांभळा. आणि शेजारी पट्टेवाली असेल तर बॉम्ब साध्या कँडीवर घालवूच नका. पाच रंगांच्या ८१ चौकोनी पटावर एका रंगाच्या सरासरी सोळा कँड्या असतात. त्या सगळ्या पट्टेवाल्या होऊन फुटतात. पट्ट्यांची दिशा तेव्हा खेळच ठरवतो, म्हणून ‘खालची ओळ नक्की जाईल’ असं धरून चालू नका. पण सोळा पट्ट्यांतून बहुतेक पट निघतो.

इथे माझी एक फजिती सांगतो. एका लेव्हलला माझ्याकडे दोन कलर बॉम्ब शेजारी शेजारी होते. दोघांची अदलाबदल केली की पटावरच्या प्रत्येक चौकोनावर एक घाव बसतो. मी ते राखून ठेवले, शेवटी वापरू म्हणून. मधे त्यांच्या खालच्या एका रकान्यात आपसूक साखळी लागली, एक बॉम्ब दोन घरं खाली गेला, आणि उरलेल्या सात मूव्ह मी त्यांना परत भेटवण्यात घालवल्या. भेट झाली नाही. तेव्हापासून राखून ठेवण्याला मी मुदत घालतो. दोन मूव्हमध्ये चांगली जागा मिळत नसेल तर आहे तिथे वापरायचं. जवळ आलेली जोडी टिकत नाही, कारण वरून काय पडेल ते तुमच्या हातात नसतं.

काही सेकंद थांबलात की खेळ दोन-तीन कँड्या हलवून दाखवतो. ती शक्य असलेली एक मूव्ह असते, चांगली मूव्ह असं काही नाही. मी तिकडे बघतच नाही. डोळा अडकला की फोन उलटा धरतो, खालची बाजू वर. वेडेपणा वाटेल, पण रोजच्या सवयीने न दिसणाऱ्या चारच्या जागा अचानक दिसतात. आणि पटावर खरंच एकही मूव्ह उरली नाही तर खेळ स्वतः कँड्या पिसतो, त्यात तुमची मूव्ह जात नाही.

आता पंधरा दिवसांबद्दल. समजा तुमच्या खेळण्याने ही लेव्हल दहा डावांत सरासरी एकदा सुटू शकते. तरी सलग दहा डाव हरण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते, सलग बावीस हरण्याचीही जवळपास १० टक्के. म्हणजे दहा वेळा हरलात यावरून पद्धत चुकली असं सिद्ध होत नाही, आणि अकराव्याला जिंकलात म्हणून नवीन पद्धत बरोबर ठरत नाही. पद्धत तपासायची तर डाव कुठे फसला ते बघा. कोपरे पहिल्या पंधरा मूव्हमध्ये निघतायत का? चॉकलेट पाचव्या मूव्हपर्यंत संपतंय का? ही दोन उत्तरं ‘हो’ असतील तर खेळत राहा, सुटेल. शक्यता पाच टक्क्यांवरून पंधरावर गेली तर वीस डावांचं काम सरासरी सात डावांत होतं. आपल्या हातात एवढीच सुधारणा आहे.

लाइफ पाच असतात, दर ३० मिनिटांनी एक भरते, म्हणजे रिकामी पेटी भरायला अडीच तास. यात एक सवलत आहे. पट उघडल्यावर पहिली मूव्ह न करता बाहेर पडलात तर लाइफ जात नाही. तेव्हा सुरुवातीचा पट बघा: तळाच्या तीन ओळींत चारची जागा आहे का, चॉकलेटच्या शेजारी लगेच जुळणी आहे का. दोन्ही नसतील तर बाहेर पडा, पुन्हा उघडा. काहींना ही लबाडी वाटते. मला नाही वाटत. वाईट पानं आली की डाव टाकून द्यायची मुभा पत्त्यांतही असते.

बूस्टरपैकी फुकट मिळालेले असतीलच. हातोडा शेवटच्या तीन-चार मूव्हपर्यंत काढू नका. तो एक चौकोन फोडतो आणि मूव्ह खात नाही, म्हणून त्याची खरी किंमत एकच कोपरा उरतो तेव्हा. दोन शेजारच्या कँड्या मूव्ह न घालवता बदलून देणारा हात मात्र मधेच वापरावा, पट्टेवाली आणि रॅपरवाली यांच्यामध्ये एकच घर उरलेलं असताना. सुरुवातीला लावायचा मासा जेलीच्या लेव्हलला जेली शोधत जातो, तेव्हा तुमच्याकडे मासे साठले असतील तर ते याच लेव्हलला खर्च करा.

मूव्ह संपल्या की सोन्याच्या विटा, म्हणजे खेळातलं चलन, देऊन आणखी पाच मूव्ह घेण्याचा पडदा येतो, आणि ‘फक्त एक जेली उरली’ हे अगदी ठळक दिसतं. हा आकडा फसवा आहे. उरलेली एक जेली कुठे आहे ते बघा. मधल्या ओळीत एकेरी असेल तर पाच मूव्ह पुरतील. कोपऱ्यात दुहेरी असेल, शेजारचे रंग जुळत नसतील, तर पाच मूव्हमध्ये दोनदा तिथे पोहोचणं अवघड आहे, आणि नाही जमलं की तोच पडदा पुन्हा येतो, या वेळी जास्त विटा मागत. कोपऱ्यातल्या अशा दुहेरी जेलीसाठी मी विटा कधीच देत नाही.

हे सगळं वाचून ‘एवढा विचार या खेळाला?’ असं कुणी म्हणेल. २०१४ मध्ये टोबी वॉल्श या संगणकशास्त्रज्ञाने दाखवलं की कँडी क्रशचं सर्वसाधारण रूप एनपी-हार्ड आहे, म्हणजे ठरावीक मूव्हमध्ये ठरावीक गुण होतील का हे ओळखण्याची प्रत्येक पटाला लागू पडेल अशी झटपट रीत संगणकालाही माहीत नाही. तेव्हा परिपूर्ण मूव्ह शोधण्याचा हट्ट आपण करायचाच नाही. दोन मूव्ह पुढचं दिसलं तरी भरपूर.

आज रात्री खेळाल तेव्हा असं करा. पट उघडा, कोपऱ्यांचे रंग मनात म्हणा. चॉकलेटला लागून जुळणीही नसेल आणि तळाला चारची जागाही नसेल तर बाहेर. नाहीतर पहिल्या पाच मूव्ह चॉकलेटवरच. सहाव्या मूव्हपासून तळाच्या चार ओळींत उभ्या चारच्या जागा शोधा, आडवे पट्टे तळाला बसवा. पंधरा मूव्ह झाल्या की थांबा आणि कोपरे मोजा. दोन्ही दुहेरीच असतील तर डाव गेला समजा आणि उरलेल्या दहा मूव्हमध्ये फक्त तळाला पट्टेवाली आणण्याचा सराव करा. लाइफ तशीही जाणारच आहे.